राहीबाईच्या चौदा खुंट्या

पोलादपूर मागं टाकून आंबेनळीच्या वाटेला लागलं की डाव्या अंगाला एक पायवाट वर चढते. ती उंबरवाडीची. शिमगा सरला की या पायवाटेनं बायका काखेत एकेक गाठोडं मारून भागोजीच्या घराकडे जाताना दिसायच्या. भागोजीचं घर वाडीच्या टोकाला, आणि त्याच्या मागच्या पडवीत त्याची बायको राहीबाई गोधड्या शिवायला बसलेली असायची.

तसं पाहिलं तर गोधडी कोण शिवत नाही? सुई धरता आली आणि मांडी घालून बसता आलं की झालं. वाडीतल्या सगळ्या बायकांना ते येत होतं. तरी गाठोडी राहीबाईकडेच यायची, आणि त्याचं कारण तिचा टाका नव्हता. कारण होतं तिच्या भिंतीवरच्या खुंट्या.

पडवीच्या मातीच्या भिंतीत खैराच्या चौदा खुंट्या ठोकलेल्या होत्या. एकेका घराला एकेक खुंटी. राहीबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक खुंटीला त्या घराची खूण बांधली होती. येसाजीच्या घराची कवडी. भिकूच्या घराचं बैलाच्या गळ्यातलं मुकं झालेलं घुंगरू. ठकूबाईच्या घरची पितळी पळीची तुटकी दांडी. येसूबाईच्या घराचा चिंधीत बांधलेला सागरगोटा. तो तिची नात रंगू लहान असताना खेळता खेळता इथं विसरून गेली होती, तो तसाच खूण होऊन बसला. गाठोडं आलं की त्या खुंटीला जायचं. सोडायचं ते गोधडी मांडायच्या दिवशीच. शिवून उरलेली चिंधीसुद्धा परत त्याच गाठोड्यात बांधून घरी धाडायची. सुया बांबूच्या नळीत, नळीच्या तोंडाला चिंधीचा बोळा. दोऱ्याची रिळं महाडच्या बाजारातून आणलेल्या बिस्किटाच्या डब्यात, आणि शेजारी मेणाचा गोळा. डोळे बांधून बसवली असती तरी राहीबाईनं हवी ती वस्तू उचलली असती.

नियम एकच होता. ज्या घरचं कापड, त्याच घराच्या गोधडीत. एक बोटभर ठिगळसुद्धा इकडचं तिकडं नाही. "माणूस अंगावरचं काढून देतं," राहीबाई म्हणायची, "म्हंजे अंगच देतं की. ते दुसऱ्याच्या अंगावर कसं घालायचं?" शिवाय वाडीत भावकीची भांडणं होती, करणीच्या भीती होत्या, एकीचं लुगडं दुसरीच्या घरात गेलं तर काय काय घडेल याच्या गोष्टी होत्या. पण राहीबाईच्या पडवीत कापड गेलं म्हणजे ते कुलपात गेलं, असं सगळ्यांना वाटायचं. तेवढीच तिची ऐपत, आणि तोच तिचा ताठा.

तेहतीस सालच्या शिमग्यानंतर येसूबाई आली ती रंगूचा हात धरून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हातारीला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. तिनं गाठोडं राहीबाईच्या मांडीवर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढीना.

"राही गो, पोरीचं लगीन अखितीनंतर पाचव्या दिवशी. दासगावला दिली."

"ऐकलं काकी. चांगलं झालं."

"ह्यात माझी दोन लुगडी हायत, तिच्या आयचं एक हाय. आनि मुरारीचा सदरा हाय."

मुरारी म्हणजे येसूबाईचा एकुलता एक लेक. मुंबईला गिरणीत होता. अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा तिकडेच वारला. रंगू तेव्हा रांगत होती. पुढं दोन वर्षांनी तिची आई गेली. मुरारीचं काही गावाला आलं ते एवढंच, कुणा गाववाल्याच्या हाती आलेला एक सदरा. येसूबाईनं तो पेटीत घातला आणि पंधरा वर्षं त्याची घडी मोडली नाही.

"ठेवून तरी काय करू? पोरीनं बापाला बघितला नाय. सासरी त्याचं कायतरी अंगावर घेऊन निजंल." म्हातारीनं आता हात काढला. "मी त्याची घडी सोडून बघितली नाय, तू पण मांडायच्या दिवशीच सोड."

"मांडायच्या दिवशीच सोडन," राहीबाई म्हणाली, आणि गाठोडं सागरगोट्याच्या खुंटीला लावलं.

त्या वर्षी राहीबाईची धाकटी जाऊ चंद्राबाई मुंबईहून आली होती. नवरा कोंडाजी तिकडे गिरणीत, आणि ही चाळीतल्या खोलीत सात गिरणीकामगारांना जेवू घालायची. त्यांची धुणीही हीच धुवायची. पावसाळ्यानंतर तापानं धरली ती सुटेना, तेव्हा डॉक्टरनं हवा बदलायला सांगितलं. आगबोटीनं बाणकोट, तिथून मचव्यानं दासगाव आणि पुढं मोटारीनं पोलादपूर, अशी करून ती वाडीत आली. महिन्याभरात गालावर रंग आला आणि हात शिवशिवायला लागले. स्वभावाची मोकळी, कामाला वाघीण. पण तिला प्रत्येक गोष्ट मुंबईच्या मापानं मोजायची खोड.

"जाऊबाय, हे काय तुमचं? गाठोड्यात हात घातल्याशिवाय आत काय हाय ते कळतच नाय. तिकडं कापडबाजारात बघा. लाल एकीकडं, हिरवं एकीकडं. एकदम बराबर."

"तिकडं इकतात गो. मी इकते का?"

"पण टाइम किती वाचंल!"

"वाचवून ठेवायचा कुटं?" राहीबाई म्हणायची. चंद्राबाई हसायची आणि गोष्ट तिथं संपायची. निदान राहीबाईला तसं वाटलं होतं.

चैत्र अर्धा सरत आला असेल. बिरवाडीहून निरोप आला की राहीबाईची आई बनुबाई पाण्याला जाताना घसरून पडली, पाय सुजलाय. राहीबाई चार दिवसांसाठी माहेरी गेली. आईचा पाय शेकला, घरातलं आवरलं आणि पाचव्या दिवशी दुपारी परत वाडी चढून आली.

अंगणात भागोजी दोरी वळत बसला होता. "ये," तो म्हणाला. "पडवी बघ जा तुझी. देवघर करून ठेवलंय तुझ्या जावंनं."

राहीबाई मागं गेली आणि दारातच थांबली.

पडवी खरोखर देखणी दिसत होती. जमीन नव्यानं सारवलेली. भिंतीशी ओळीनं सहा हारे, बांबूच्या मोठ्या टोपल्या, मांडलेले. पहिल्यात लाल, दुसऱ्यात हिरवं, मग निळं-जांभळं, मग चौकडीचं, मग मळखाऊ रंगाचं, आणि शेवटच्यात पांढरं. सगळं धुतलेलं, घड्या घातलेलं. आणि भिंतीवर चौदा खुंट्या, उघड्या. सगळ्या खुणा एका परडीत घालून कोनाड्यात ठेवलेल्या.

"कसं वाटतं?" चंद्राबाई पदराला हात पुसत मागून आली. तोंड नुसतं फुललेलं. "चार दिवस दुसरं काय केलं नाय मी. जेवढे सदरे नि कुडती व्हती ती सगळी उसवून सपाट केली. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. आता तुम्ही नुसतं उचलायचं नि मांडायचं."

राहीबाईनं डोक्यावरचं माहेराहून आणलेलं कुळथाचं बोचकं खाली ठेवलं आणि त्याच्याच शेजारी बसली. मग म्हणाली, "चंद्रे, ह्यातलं ठकूबाईचं कंचं?"

"आँ?"

"आनि येसूकाकीचं?"

चंद्राबाईनं हाऱ्यांकडे पाहिलं, खुंट्यांकडे पाहिलं, परडीकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तिथंच मटकन बसून ती रडायला लागली.

"रडू नको," राहीबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कोरडा होता. "रडून धुतलेलं आनि ओलं व्हईल. ऊठ. माझ्यापुढं लाल हारा आणून ठेव."

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोळा दिवस होते. वाडीत अजून कुणाला कळलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस राहीबाईनं जे केलं ते पाहून भागोजी म्हणाला, की हिला महाडच्या पोलीस कचेरीत नेऊन बसवली पाहिजे, एक चोर सुटायचा नाही. ती एकेक कापड उचलायची, उजेडाकडे धरायची, त्यावरून हात फिरवायची आणि घर सांगायची. लुगडं डाव्या कुशीवर विरलेलं असलं तर ती बाई डाव्या कमरेवर हंडा घेते, म्हणजे येसाजीची सून. धोतराला करवंदाच्या चिकाचे काळे ठिपके, तर ते गुरांमागं रानात फिरणाऱ्या सोनबाचं. उपरण्याच्या टोकाला बारीक भोकं पडलेली, ती भिकूच्या विडीची. ठकूबाई जेवून उठली की पदरालाच हात पुसते हे सगळ्या वाडीला माहीत. तिचा पदर कितीही धुवा, हळद राहायचीच.

"जाऊबाय, तुम्ही सगळ्यांकडं एवढं बघता कधी?" चंद्राबाई हळूच म्हणाली.

"बघायला काय जातंय? तोंड बंद ठेवलं की डोळं आपसूक उघडतात." चंद्राबाईनं मान खाली घातली. मग राहीबाईलाच थोडं वाईट वाटलं. "तो निळा तुकडा दे हिकडं. ती कवडी बांध आधी त्या खुंटीला. हां."

एकेक खूण परत खुंटीवर चढू लागली. लाल हारा संपला, हिरवा संपला. पांढऱ्यातलंही बरंच निघालं. मात्र आठव्या दिवशी हात थांबला. हाऱ्यात बावीस तुकडे उरले, आणि त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ना चिखल, ना चीक, ना चुलीच्या धुराचा वास. हे सगळे मुंबईवाल्यांचे कपडे. पाच घरांचे. ही माणसं तिकडे राहतात, तिकडेच त्यांचे कपडे विरतात, आणि फाटले की गावाला येतात. त्यांनी हंडा कुठल्या कमरेवर घेतला नव्हता. त्यांच्या कापडाला वाडीची ओळखच नव्हती.

आणि मुरारीचा सदरा त्या बावीस तुकड्यांत होता.

राहीबाईनं ते तीनदा उलटेपालटे केले. चौथ्यांदा हात घातला तेव्हा चंद्राबाई जवळ सरकली.

"जाऊबाय, रागावू नका. एक सांगते."

"सांग."

"ह्यातलीच चांगली बघून एक पाठ घ्या नि घाला. म्हातारीला दिसतंय कुटं? पोरीनं बाप बघितला नाय. कोनाला कळणार हाय?"

राहीबाईनं हातातला तुकडा परत हाऱ्यात टाकला.

"तिला दिसत नाय," राहीबाई म्हणाली. "मला दिसतं ना."

"पण तुम्ही सांगितलं तर सगळ्यांना कळंल. कोन गाठोडं ठेवंल मग हितं?"

"नाय ठेवलं तर नाय. खुंट्यांना घोंगड्या लावू." ती उठली. पदर खोचला. "पोरगी दुसऱ्याच्या बापाचा सदरा माझ्या बापाचा म्हणून उशाला घेऊन निजणार, आनि तो मी शिवलेला? नाय व्हायचं चंद्रे. माझा हात नाय चालायचा. सुईच नाय जायची."

येसूबाईचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला होतं. म्हातारी ओटीवर भात पाखडत बसली होती. राहीबाईनं काही आडपडदा ठेवला नाही. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. फक्त जावेचं नाव घेतलं नाही. "माझ्या पडवीत झालं, माझं चुकलं," एवढंच म्हणाली.

येसूबाईचं सूप थांबलं.

"पंधरा वर्सं," म्हातारी म्हणाली. "पंधरा वर्सं उंदराला शिवू दिला नाय मी. आनि तुझ्याकडं दिला तर तू..." तिनं अंगणाकडे हात केला. "ऊठ. जा हितनं."

"काकी..."

"जा म्हणते ना! सूप घालीन डोक्यात."

राहीबाई उठली. अंगणाच्या पायरीवर तिनं मागं वळून पाहिलं तर म्हातारीनं पाखडायला पुन्हा सुरुवात केली होती, पण सुपात भात नव्हता. सगळा जमिनीवर सांडला होता.

तिथून ती बाकीच्या घरी गेली. तेरा दारं, तेरा वेळा तेच बोलणं. तुमचं गाठोडं येऊन तपासून न्या, चुकलं असेल तर सांगा. बऱ्याच जणींनी 'असू दे गो' म्हटलं. ठकूबाई मात्र लगोलग आली, पडवीत सगळ्यांदेखत गाठोडं सोडून एकेक तुकडा झटकून पाहिला. सगळं तिचंच निघालं. तरी ती गाठोडं काखेला मारून म्हणाली, "आता आमी आमचं घरीच शिवू बाई. तुमच्यात मुंबईचं वारं शिरलंय." जाताना पळीची दांडीसुद्धा खुंटीवरून सोडून घेऊन गेली.

चंद्राबाई तेव्हा आत चुलीशी होती. तिनं सगळं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं असेल नसेल, तो काठीचा आवाज आला. येसूबाई. एका हातात काठी, दुसरा हात रंगूच्या खांद्यावर.

"कुटं हाय तो हारा?" ती दारातूनच म्हणाली. "माझा लेक हाय. मी वळखीन."

राहीबाईनं तिला बसवलं आणि हारा पुढं ठेवला. म्हातारीनं एकेक तुकडा घेतला. बोटांनी चाचपला, नाकाला लावला, गालाला लावला. एक बाजूला ठेवला, मग तो पुन्हा घेतला. रंगू आजीच्या तोंडाकडे पाहत होती. बावीस तुकडे झाले. म्हातारीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर तिचे हात मांडीवर पडले.

"मला नाय वळखता येत गो," ती म्हणाली. राहीबाईला नाही, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगितल्यासारखं. "तेराव्या वर्सी मुंबईला गेला तो. वर्साला एकदा यायचा, शिमग्याला. त्याची धुणी मी धुतली कुटं? मला काय ठाव त्याचा सदरा कसा लागतो हाताला."

राहीबाईनं म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही.

तेवढ्यात आतल्या दारात चंद्राबाई उभी राहिली. डोळे सुजलेले. "काकी," ती म्हणाली, "ते मीच केलं. जाऊबायनी नाय. त्यांनी माझं नाव घेतलं नाय तुमच्याकडं."

म्हातारी तिकडे तोंड करून म्हणाली, "कोन, कोंडाजीची? तुझा आवाज अजून तापातल्यासारखा पातळ हाय म्हणून बरं, नायतर काठी घातली असती."

"घाला. पण आधी मला एकदा ते बघू द्या." चंद्राबाई हाऱ्याशी येऊन बसली. "मुंबईवाल्यांची धुणी मी धुते की. सात जणांची, रोज."

तिनं तुकडे जमिनीवर पसरले. राहीबाईसारखी ती कापड उजेडाकडे धरत नव्हती. ती कडेकडेनं बोट फिरवत होती, धुताना फिरवावं तसं. "उसवताना दोन-तीनदा हाताला जाड लागलं व्हतं... हे. आनि हे बघा. जाऊबाय, हे रफू बघा."

एका पाठीच्या तुकड्यावर खांद्याजवळ तळहाताएवढं फाटलेलं शिवलं होतं. दोरा जाड, कच्चा, मळक्या पिवळसर रंगाचा.

"हा दुकानातला दोरा नाय. गिरणीतल्या कांडीवरचं सूत हाय. आमच्याकडचे पोरगे बायकामाणसं नसली की ह्याच सुतानं आपआपलं शिवतात. गाठ बघा, वरच्या अंगाला. बाई मारील का अशी गाठ?"

"बाई मरंल आधी," राहीबाई म्हणाली.

तसं सूत आणि तशी गाठ आणखी दोन तुकड्यांवर निघाली. पुरुषाच्या हातची, एकटं राहणाऱ्याच्या हातची तीन रफू. तीन पाठी. चंद्राबाईनं त्या ओळीनं मांडल्या आणि हताश होऊन राहीबाईकडे पाहिलं. "माझं हितपर्यंतच."

आता राहीबाई वाकली. तिसऱ्या तुकड्याशी ती थांबली. तो उलटा केला, सुलटा केला, उलटा केला. मग पहिले दोन पुन्हा पाहिले. मग नळीतून सुई काढली आणि एका चिंधीवर आपल्या हातानं चार टाके घालून ती चिंधी शेजारी ठेवून पाहिली.

"काकी," ती सावकाश म्हणाली, "मुरारी कंच्या हातानं जेवायचा?"

"म्हंजे? उजव्या. माणूस कंच्या हातानं जेवतो?"

"आठवून सांगा."

म्हातारीचं तोंड जरा उघडं राहिलं. "मी... मी लावला उजव्यानं जेवायला. लय मारला त्यासाठी. उलथनं तापवून दाखवायची. जेवायचा उजव्यानं, पण कोयती घेतली की डाव्या हातातच. त्याचा बाप म्हणायचा, ह्याच्या बाजूला कापायला उभं राहू नका. का गो? का इचारलं?"

राहीबाईनं म्हातारीचं बोट धरलं आणि त्या रफूवर ठेवलं. "सगळ्यांचा टाका ह्या अंगाला पडतो, काकी. माझा, चंद्राचा, ह्या दोन सदऱ्यांचा. हा बघा. हा उलट्या अंगाला पडलाय. डाव्या हाताचा हाय."

म्हातारीचं बोट त्या जाड दोऱ्यावरून पुढं गेलं, मागं आलं. टाके वेडेवाकडे होते, काही ताणून कापडाला चुण्या पाडलेले. तिनं ते एकेक मोजल्यासारखे चाचपले. शेवटी वरच्या गाठीशी बोट थांबलं.

"शिवायला कधी शिकला मेला," ती म्हणाली. "मला म्हणाला पण नाय."

रंगू पुढं सरकून बसली होती. तिनं हात पुढं केला, मागं घेतला, आणि मग आजीच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.

अखितीच्या दुसऱ्या दिवशी गोधडी मांडली. सागरगोट्याची खुंटी रिकामी झाली. येसूबाईची दोन लुगडी खाली-वर, रंगूच्या आईचं त्यांच्या मधोमध, आणि चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन दगड. मुरारीच्या सदऱ्याची बाकी अंगं पुढं कापडाचा पोत नि झिजण्याची तऱ्हा बघून जुळली. एका बाहीबद्दल राहीबाईची खात्री पटेना, ती तिनं घातली नाही; उरलेल्या तुकड्यांसोबत हाऱ्यातच ठेवली, बाकीची चार घरं येऊन ओळखीपर्यंत. पाठ मात्र तिनं पुरुषांची फाटकी कापडं नेहमी जातात तशी आतल्या थरात ठेवायला घेतली, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीनं काठी आपटली.

"आत नको घालू. वर घे. उशाकडं."

"वर बरं दिसंल का काकी? फाटकं, गिरणीच्या दोऱ्याचं..."

"मला कुटं दिसतंय? हाताला लागलं पायजे."

वर घेतलं. मुरारीचा एकही टाका राहीबाईनं उसवला नाही, आणि त्याच्या गाठीला हात लावला नाही. तिचे स्वतःचे टाके ओळीनं येत येत त्या रफूपाशी आले की बाजूनं वळून जायचे, नदीच्या पाण्यातल्या दगडासारखं त्याला मध्ये ठेवून. एका बाजूला राहीबाई, दुसऱ्या बाजूला चंद्राबाई. चंद्राबाईचा टाका मोठा पडायचा.

"लहान घाल गो. घाईत हायस का? आगबोट सुटतीय का तुझी?"

"पुढल्या सोमवारी सुटतीय."

"मग तवर लहान घाल."

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा कोपरा आला. तो मिटण्याआधी राहीबाईनं रंगूच्या हातून त्यात तांदळाचे सात दाणे टाकले. गोधडी उपाशी सासरी धाडू नये, हा तिच्या आईचा नियम. मग दोरा दातानं तोडला.

लग्न दारातच झालं. वरात निघायच्या वेळी खाली मोटारीच्या रस्त्यावर बैलगाडी उभी होती. रंगू गाडीत बसली, मांडीवर गोधडीची घडी. येसूबाईला वाडीतून खाली उतरवून आणली होती. तिनं गाडीचं चाक चाचपलं, मग बसायची फळी.

"कंच्या अंगाला हाय गो?" तिनं विचारलं.

रंगूनं आजीचा हात धरून घडीवर ठेवला. गाठ वरच होती. गाडीवानानं बैलांना हाक दिली तरी म्हातारीचा हात तिथून निघाला नाही. ती दहा पावलं गाडीबरोबर चालली. मग रंगूनंच तो हात उचलून हळूच सोडला.

राहीबाई आणि चंद्राबाई वाडी चढून परत आल्या. पडवीत दोन खुंट्या रिकाम्या होत्या. सागरगोटा राहीबाईनं परत लावला. पळीच्या दांडीच्या खुंटीकडे तिनं एकदा पाहिलं आणि ती तशीच ठेवली. ठकूबाई पुढं कधी आली नाही. पाऊस महिन्यावर आला होता आणि अजून बारा घरं भिंतीवर होती.

"आता कंचं काढू?" चंद्राबाईनं हात वर करून विचारलं.

"गाठ सोडू नको," राहीबाई सुयांची नळी उघडत म्हणाली. "आधी खूण सांग."

"घुंगरू."

"मग भिकूचं. आण हिकडं, आनि त्या टोकाला बस."